चाकांवरच्या घरातील ऊब

प्रवासाला निघावयाचे म्हणजे घर मागे ठेवावयाचे, असाच आपला नित्याचा अनुभव असतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅनडात अशी लक्षावधी कुटुंबे आहेत, की जी प्रवासाला निघताना आपल्याबरोबर एक घरच घेऊन निघतात. हे घर एखाद्या मोठ्या मोटारीसारखे स्वतः चालणारे असते, किंवा मोटारीच्या मागे जोडून ओढून नेण्याचे असते. निजावयाची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, न्हाणीघर, सारे काही त्यात सामावलेले असते. तेथील लोक त्याला 'रिक्रिएशनल व्हेइकल' किंवा थोडक्यात 'आर. व्ही.' म्हणतात. आपण त्याला 'प्रवासघर' म्हणू या.

उन्हाळ्यात असा प्रवास मोठ्या सुखाचा असतो. परंतु हिवाळ्याच्या तोंडावर रॉकी पर्वताच्या आसमंतात रात्रीचे तापमान शून्याच्या खाली उतरू लागते. प्रवासघराच्या भिंती पातळ असतात. बाहेरची थंडी आत शिरण्यास वेळ लागत नाही. नळांतील पाणी गोठते, फुगते आणि नळ फोडते. लहान मुले आणि वृद्ध माणसे यांच्या तर जिवावरच बेतू शकते. म्हणून अशा प्रत्येक घरात ऊब देणारी एक भट्टी, म्हणजे 'फर्नेस', बसविलेली असते. ती प्रोपेन नावाच्या वायूवर चालते. ऐन मध्यरात्री, वस्तीपासून दूर, ही भट्टी पेटेनाशी झाली तर काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम इंधनाची ओळख करून घेऊ. प्रोपेन आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. पेट्रोलमधून सहज उडून जाणाऱ्या वायूंचा शोध घेत असता वॉल्टर स्नेलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९१० साली त्यांतील प्रोपेन ओळखला. दाबाखाली तो द्रवरूप होतो आणि दाब कमी होताच पुन्हा वायुरूप होतो. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या जवळपास आहे. म्हणून कडाक्याच्या थंडीत तो सिलिंडरमध्ये द्रवरूपातच बसून राहतो. प्रोपेनचा उत्कलनबिंदू मात्र उणे ४२ अंश सेल्सिअस आहे. बर्फाळ प्रदेशातील प्रवासघरांत प्रोपेनच का वापरतात, याचे उत्तर येथे मिळते.

आता भट्टीची रचना पाहू. तिच्या पोटात धातूची एक बंद पेटी असते. ज्योत या पेटीत जळते. ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते आणि जळून झालेला धूर बाहेरच जातो. घरातील हवा या तापलेल्या पेटीच्या बाहेरच्या अंगावरून फिरते, ऊन होते आणि नळ्यांतून खोलीत पसरते. म्हणजे श्वासाची हवा आणि ज्योतीची हवा यांची भेट कधीच होत नाही. या भट्टीची सारी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी आहे.

भट्टी पेटते कशी? तिचे काम पायरीपायरीने चालते. पहिली पायरी म्हणजे भिंतीवरील थर्मोस्टॅट. खोली ठरविलेल्या तापमानाहून थंड झाली, की तो विजेचा मार्ग जोडतो. दुसरी पायरी पंख्याची. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पंखा फिरू लागतो. तिसऱ्या पायरीवर एक मोठी गमतीची कळ आहे. वाऱ्याच्या वाटेत धातूचे एक हलके पाते टांगलेले असते. वारा पुरेसा असेल, तर नावेच्या शिडाप्रमाणे ते मागे लोटले जाते आणि वीज पुढे जाते. म्हणूनच तिला इंग्रजीत 'सेल स्विच' म्हणतात. आपण तिला 'शीडकळ' म्हणू. चौथ्या पायरीवर पंखा सुमारे पंधरा ते तीस सेकंद नुसताच फिरतो आणि पेटीत साचलेला वायू बाहेर घालवितो. पाचव्या पायरीला वायूची झडप उघडते आणि त्याच वेळी टिकटिक असा आवाज करीत ठिणग्या पडू लागतात. सहाव्या पायरीला भट्टी स्वतःच ज्योतीची खात्री करून घेते. ज्योतीतून अत्यंत क्षीण असा विजेचा प्रवाह वाहू शकतो. तो मिळाला तर झडप उघडी राहते. न मिळाल्यास काही सेकंदांतच बंद होते. बहुतेक भट्ट्या असा प्रयत्न तीन वेळा करतात आणि मग स्वतःला कुलूप लावून घेतात.

एवढे समजले म्हणजे बिघाड शोधण्याचे रहस्य हाती आले. बंद पडलेल्या यंत्राला 'तुझे काय बिघडले?' असे विचारून उत्तर मिळत नाही. 'तू कोठपर्यंत येऊन थांबलास?' असे विचारले, की उत्तर मिळते. त्यासाठी थर्मोस्टॅट वर करावा, शांत बसावे आणि दोन मिनिटे कान देऊन ऐकावे.

काहीच आवाज झाला नाही, तर दोष पहिल्या दोन पायऱ्यांत आहे. थर्मोस्टॅट योग्य जागी आहे काय, फ्यूज जळला आहे काय, बॅटरीच्या तारा प्रवासातील हादऱ्यांनी सैल झाल्या आहेत काय, हे पाहावे.

पंखा फिरतो, पण टिकटिक ऐकू येत नाही, तर बहुधा शीडकळ जोडली गेलेली नाही. पात्यावर धूळ किंवा पाळीव कुत्र्याचे केस अडकलेले असू शकतात. परंतु याहून सामान्य कारण म्हणजे थकलेली बॅटरी. बॅटरीचा दाब साडेदहा व्होल्टच्या आसपास उतरला, म्हणजे पंखा फिरतो खरा, पण मंद फिरतो. वारा अपुरा पडतो आणि पाते हलत नाही. येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. नेहमीचा वीस पौंडांचा, म्हणजे सुमारे नऊ किलोग्रॅमचा सिलिंडर घेतला आणि भट्टी ताशी तीस हजार ब्रिटिश थर्मल युनिटांची धरली, तर ती अखंड जळत राहूनही प्रोपेन सुमारे चौदा तास पुरतो. उलट, पंख्याला आठ अँपिअर प्रवाह लागतो असे मानले आणि शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतील निम्मीच शक्ती वापरावी हा नियम पाळला, तर बॅटरी सहा तासांतच थकते. प्रत्यक्षात भट्टी थांबत थांबत चालते, म्हणून दोन्ही आकडे वाढतात. पण त्यांचे परस्परप्रमाण तेच राहते. अनेकदा लोक वायू संपला म्हणून सिलिंडर बदलत बसतात आणि दोष मात्र बॅटरीत असतो, त्याचे कारण हेच.

टिकटिक ऐकू येते, पण ज्योत पेटत नाही, तर वायूकडे वळावे. सिलिंडर रिकामा आहे काय? त्याची तोटी उघडी आहे काय? ती एकदम झटक्याने उघडली, तर आतील सुरक्षा-झडप गळती झाली असे समजून वायू अडवून धरते. म्हणून तोटी बंद करून पुन्हा हळूहळू उघडावी. स्वयंपाकाची शेगडी क्षणभर पेटवून पाहावी. ती पेटली, तर नळीतून वायू येत आहे हे कळते आणि नळीत अडकलेली हवाही निघून जाते. वायूचा दाब मात्र जाणकारानेच मोजावा. तो अकरा इंच पाण्याइतका असावा लागतो, म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या काचनळीत पाणी भरून एका टोकाला हा वायू जोडला, तर दोन बाजूंच्या पातळ्यांत सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटरांचा फरक पडला पाहिजे. प्रयोगशाळेतील आपल्या ओळखीची ही साधी नळी तेथे अशी कामास येते.

ज्योत पेटते आणि लगेच विझते, तर भट्टीला ज्योतीची खात्री पटत नाही असे समजावे. ठिणगी पाडणारी काडी काजळली असेल, जागेवरून सरकली असेल किंवा तिची तार सैल झाली असेल. भट्टी बराच वेळ नीट चालते आणि मग मध्येच ज्योत विझून पंखाच तेवढा फिरत राहतो, तर ती फाजील तापली आहे. अशा वेळी 'लिमिट स्विच' नावाची कळ ज्योत बंद करते. कोणी ऊन हवेच्या झरोक्यापुढे अंथरूण किंवा पेटी ठेवली आहे काय, हे पाहिले की बहुधा काम भागते.

बाहेरच्या धुराड्याकडेही पाहावयास विसरू नये. अमेरिकेत चिखलाची घरटी बांधणारी एक कुंभारीण माशी आहे. उन्हाळ्यात भट्टी बंद असता ती या नळीत आपले घर बांधते आणि हिवाळ्यात धुराची वाट अडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शीडकळ अडवते, तर तिच्या दोन तारा एकमेकींना जोडून भट्टी जबरदस्तीने पेटवावी, असा मोह थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला होतो. हा मोह प्राणघातक आहे. हवा अपुरी असता जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. भट्टी बिघडली म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून बंद खोलीत झोपणे, हेही तितकेच घातक. हा धोका केवळ परदेशातला नव्हे. आपल्याकडे उत्तर भारतात कडाक्याच्या थंडीत कोळशाची शेगडी खोलीत ठेवून, दारे-खिडक्या लावून झोपलेली माणसे दगावल्याच्या वार्ता हिवाळ्यात वृत्तपत्रांत येतात. त्यांचा घात करणारा वायू हाच.

प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तो हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. तो उग्र वास आला, तर दिव्याचे बटण दाबू नये, काडी ओढू नये. सर्वांनी बाहेर पडावे आणि सिलिंडरची तोटी बाहेरूनच बंद करावी. गळतीची जागा साबणाच्या पाण्याने शोधावी. फुगे आले तेथे गळती आहे. या दोन्ही वायूंची सूचना देणारी स्वतंत्र यंत्रे प्रवासघरात असतात. त्यांचा कर्कश आवाज झोपमोड करतो म्हणून त्यांची तार काढून टाकणे, म्हणजे पहारेकरी ओरडतो म्हणून त्यालाच हाकलून देणे होय.

आणि थंडीच्या त्या रात्री भट्टी पेटलीच नाही तर? तर अंगावर लोकरीचे कपडे चढवावेत, पांघरुणे एकत्र करावीत, सर्वांनी जवळजवळ निजावे, आणि मुलांना फारच थंडी वाजू लागली तर जवळच्या गावी आसरा घ्यावा. सकाळी जाणता कारागीर बोलवावा. ज्या भट्टीने पेटण्यास नकार दिला, तिने बहुधा आपले कर्तव्यच केलेले असते. तिच्या प्रत्येक कळेमागे एक प्रश्न आहे: वारा पुरेसा आहे ना? ज्योत खरोखर पेटली ना? उष्णता मर्यादेत आहे ना? यांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असे आले, की ती थांबते. ते प्रश्न ओळखून त्यांची उत्तरे क्रमाने शोधणे, याचेच नाव दुरुस्ती. प्रश्नच पुसून टाकणे ही दुरुस्ती नव्हे.