उधारीची वही आणि आमची रात्रपाळी

घरी पाहुणे आले की एक प्रश्न हमखास येतो, "तुम्ही दोघं कॉम्प्युटरवर नेमकं करता तरी काय?" बोर धरणाच्या वाटेवरचे हिंगणी हे आमचे गाव. कापूस, तूर, सोयाबीनचे काम इथे सगळ्यांना कळते. 'डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हटले की मात्र अम्मीसुद्धा हसून विषय बदलते. आम्ही नवरा-बायको दोघेही हेच काम करतो. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून गावी आलो आणि पुढेही घरूनच काम सुरू राहिले.

हे काम समजावून सांगताना आम्हाला अब्बांची वही आठवते. अब्बांचे किराणा दुकान होते. उधारीच्या वहीत प्रत्येक घराचे एक पान असे : तारीख, माल, रक्कम, बाकी. डेटाबेस म्हणजे अशीच लाखो पानांची वही. फरक एवढाच की तिच्यात एकाच वेळी हजारो माणसे लिहितात आणि वाचतात. कुणाचे पान फाटू नये, एकाचे पान दुसऱ्याला दिसू नये, हवे ते पान क्षणात सापडावे, ही जबाबदारी आमची.

१९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत मांडण्याची पद्धत सुचवली. आजचे बँकांचे व्यवहार बहुतांशी त्याच पद्धतीवर चालतात. अब्बांनी एकदा विचारले होते, "पैसे माझ्या खात्यातून वजा झाले आणि तेवढ्यात लाइट गेली, तर?" त्यावर नियम पक्का आहे : एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा, या दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही होणार नाही. अर्धवट व्यवहार डेटाबेस पुसून टाकतो.

ती रमजानची रात्र

रोजचे काम तसे शांत असते. रात्रीचा बॅकअप झाला का, डिस्क भरत आली का, कुठला प्रश्न सर्व्हरला जड जातो आहे, हे पाहायचे. काम नीट झाले तर कुणाला कळतही नाही. चुकले की सगळ्यांना कळते.

आमच्याकडूनही एकदा चुकले. औषधांच्या घाऊक व्यापारातील एका कंपनीचे काम आमच्यापैकी एकाकडे होते. रमजानचे दिवस, सहरीला तासभर उरलेला. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या : एक सरावाच्या सर्व्हरची, दुसरी खऱ्या. जुन्या नोंदी पुसायची आज्ञा चुकीच्या खिडकीत गेली, आणि 'कोणत्या नोंदी' ही अटही लिहायची राहिली. काही सेकंदांत ऑर्डरचा पूर्ण तक्ता रिकामा झाला.

बॅकअप होता, चांगलाही होता. पण तो परत चढवायला किती वेळ लागतो, हे कुणी कधी मोजलेच नव्हते. अकरा तास लागले. दुपारपर्यंत बिले निघाली नाहीत आणि दुकानांत औषधे वेळेवर पोचली नाहीत. त्या दिवशी कुणाच्या घरची गोळी चुकली असेल, हा विचार आजही बोचतो. साहेबांना आम्ही पहिल्या दहा मिनिटांतच खरे सांगितले. त्यामुळे निदान कारण शोधण्यात वेळ गेला नाही.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या कंपनीतील एका अभियंत्याने रात्री उशिरा राखीव सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला. रोजचा बॅकअप पाहिला, तर तो होतच नव्हता आणि तशी सूचना देणारे ई-मेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत होती, तिने वाचवले. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनीने मात्र सारा प्रकार जगासमोर उघड मांडला.

तेव्हापासून आमचा नियम आहे : दर महिन्याला बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर चढवून पाहायचा आणि घड्याळ लावायचे. खऱ्या सर्व्हरच्या खिडकीचा रंग लाल ठेवायचा. पुसण्याआधी त्याच अटीने नोंदी मोजून घ्यायच्या.

एक वेलांटी, दोन माणसे

या कामाने घरासाठीही एक धडा दिला. आपल्या विदर्भात 'शेख रहीम शेख करीम' असे नाव लिहितात. फॉर्ममध्ये नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने असतात. कुणी 'शेख' पहिल्या रकान्यात भरतो, कुणी शेवटच्या. शाळेत 'मोहम्मद', बँकेत 'मो.', आधारवर आणखी तिसरेच. कुठे 'रहीम', कुठे 'रहिम'. माणसाला कळते की हा एकच आहे. डेटाबेसला वेलांटी बदलली की दुसरा माणूस वाटतो. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्या बहिणींना याचा त्रास जास्त होतो. स्कॉलरशिप, पेन्शन, विम्याचे पैसे अशाच ठिकाणी अडकतात.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी घरातील सगळ्यांची कागदपत्रे एकत्र मांडा. देवनागरी आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवा. मुलाच्या शाळेच्या दाखल्यातील चूक तो शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. नंतर ते फार अवघड जाते. कागदांची एक प्रत डिजिलॉकरमध्ये आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. मधूनमधून ती उघडून पाहा.

अब्बा हेच करायचे. दर शुक्रवारी सगळी बाकी दुसऱ्या वहीत उतरवून ती चाचांच्या घरी ठेवायचे. एका पावसाळ्यात दुकान गळले आणि मूळ वहीची शाई पसरली. चाचांकडची वही आली, आणि कुणाकडेही एक रुपया जास्त मागावा लागला नाही. "लोकांचा हिशेब आपल्याकडे अमानत आहे," असे ते म्हणायचे. रात्री सर्व्हरसमोर बसताना आम्हाला तेच आठवते.