कमी रनिंग म्हणजे नवं इंजिन नव्हे

जुनी आलिशान सेडान बघायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘फक्त ३० हजार रनिंग आहे, इंजिन नव्यासारखं!’ या समजापायी लोक लाखो रुपये मोजतात आणि पुढे टायमिंग चेनचं बिल भरतात, म्हणून तो मुळापासून तपासायला हवा. इंजिन किती किलोमीटर पळालं एवढ्यावर त्याची झीज ठरत नाही. ते किती तास चाललं आणि त्यातला किती वेळ पुरतं तापलंच नाही, हे पाहावं लागतं. टॉमटॉम या नेव्हिगेशन कंपनीच्या २०२२ च्या आकडेवारीत बेंगळुरूच्या मध्यभागात १० किलोमीटरला सुमारे २९ मिनिटं लागत होती, म्हणजे ताशी जेमतेम २० किलोमीटर. या वेगाने १०,००० किलोमीटर म्हणजे ५०० तास. हायवेवर ताशी ८० ने गेलं तर १२५ तास. तिथल्या चिकपेट बाजारात साड्यांचे गठ्ठे उतरवणाऱ्या टेम्पोमागे अडकलेल्या गाडीचा हिशेब याहूनही वाईट.

जयनगरातून चिकपेटला दुकान उघडायला येणारी गाडी चार-पाच किलोमीटरवर बंद होते आणि रात्री तेवढीच परत जाते. तेवढ्या अंतरात ऑइल पुरेसं तापत नाही. ज्वलनातून आलेलं पाणी उडून जात नाही, पिस्टनच्या रिंगांजवळून झिरपलेलं पेट्रोल ऑइलमध्येच साचतं आणि ऑइल पातळ होतं. ऑइल भरायचं झाकण उलटं करून पाहा. आतल्या बाजूला पिवळट, चिकट थर असेल तर पाणी साचतंय. कूलंट गळत नाही ना, तेही तपासून घ्यावं. बऱ्याच इंजिनांत टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे सकाळी स्टार्ट करताच काही सेकंद होणारी खडखड ‘जर्मन गाड्यांचा आवाजच तसा’ म्हणून सोडून देणं घातक आहे.

यावर उत्तर येतं, ‘गाडीचा डिस्प्लेच सांगतो, सर्व्हिसला अजून वेळ आहे.’ पण ७५० आणि ५५० सेडानमधल्या एन६३ इंजिनाच्या तक्रारी वाढल्यावर बीएमडब्ल्यूनेच अमेरिकेत २०१४ च्या अखेरीस ऑइल बदलण्याची मुदत १५,००० मैल किंवा दोन वर्षांवरून १०,००० मैल किंवा एक वर्षावर आणली. ‘यांपैकी जे आधी येईल ते’ ही ओळ मालक वाचतच नाहीत! दुसरा आक्षेप रास्त आहे: काही दोष मुळात बनावटीचेच. बीएमडब्ल्यूच्याच एन२० इंजिनातले चेनचे प्लास्टिक गाइड ठिसूळ होऊन तुटत. मर्सिडीजच्या सुरुवातीच्या एम२७२ इंजिनांमध्ये बॅलन्स शाफ्टचं दातेरी चाक अकाली झिजे. पण ठिसूळ होणारं प्लास्टिक मीटरवरचा आकडा बघत नाही, त्यामुळे कमी रनिंग इथेही हमी देत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. महागडं पेट्रोल व्हॉल्व्ह साफ करतं? निव्वळ डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला लागतच नाही. तिथला कार्बन अक्रोडाच्या कवचाचा भुगा मारून काढावा लागतो. सिंथेटिक ऑइल कायम टिकतं? नाही. टॉप-अप केलं की झालं? जुनं ऑइल आतच राहतं. गाडी घेताना मीटरच्या आधी सर्व्हिसची बिलं मागा आणि त्यांवरच्या तारखा बघा. दोन बिलांत तीन वर्षांची फट असेल, तर त्या ३० हजारांसाठी जास्तीचा एक रुपयाही मोजू नका.