फ्यूजननंतरचा कमरेचा पट्टा

मणक्यांचं फ्यूजन म्हणजे दोन किंवा अधिक मणके जोडून त्यांच्यामधली हालचाल कायमची थांबवणं. स्क्रू आणि सळया मणके फक्त जागेवर धरून ठेवतात. जोड पक्का होतो तो हाडाच्या कलमातून, आणि त्याला ३ ते ६ महिने, कधी वर्षही लागतं. या काळात तंबाखू-सिगारेट पूर्ण बंद हवी; निकोटिनमुळे हाड जुळणं बिघडतं.

मग पट्टा कशाला? १९११ मध्ये न्यूयॉर्कला हिब्स आणि अल्बी या सर्जननी अशा शस्त्रक्रिया केल्या तेव्हा आतून धरणारे स्क्रू नव्हते; बाहेरचा आधार लागायचाच. आज स्क्रू घातल्यावर पट्ट्यामुळे हाड जास्त चांगलं जुळतं, असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. म्हणून काही सर्जन तो देतात, काही देत नाहीत. हाडं ठिसूळ असतील किंवा मणका मोडला असेल, तर विचार वेगळा.

मला पट्ट्याचा मोठा उपयोग वाटतो तो न वाकण्याची आठवण देण्याचा: पडलेला चमचा उचलायला वाकलात, की पट्टा अडवतो. आत सुती बनियन घाला, कातडी लाल झाली का रोज पाहा. किती दिवस घालायचा, झोपतानाही का, हे घरी जाण्यापूर्वीच सर्जनना विचारून लिहून घ्या.