योरे ते मल्कोश : शेताचे आणि गाईचे वर्ष



कोकणात शेतकऱ्याचे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणजे ७-८ जूनला. इथे एरेत्समध्ये ते सुरू होते योरेला. योरे म्हणजे हिवाळ्यातला पहिला पाऊस. तो साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो. शेवटच्या पावसाला मल्कोश म्हणतात, तो मार्च-एप्रिलचा. त्यानंतर पाच-सहा महिने आभाळातून एक थेंब पडत नाही. कोकणातल्या माणसाला हे सगळे उलटे वाटते, आणि ते उलटेच आहे!

मोठ्या मंडळींना आठवत असेल, सिमहाथ तोराच्या सुमारास आपल्या मशिदीत पावसाची तेफिल्ला व्हायची. त्याच वेळी बाहेर शेतात भात पिवळे होऊन कापणीला आलेले. त्या दिवसांत पाऊस पडला तर भात आडवे व्हायचे, दाण्याला मोड यायचे, शेतकरी कपाळाला हात लावायचा. डिसेंबरच्या ४-५ तारखेपासून तेफिल्लेत पुन्हा पाऊस मागायचा. तेव्हा कोकणात आंब्याला मोहोर धरायची वेळ, आणि पावसाने मोहोर झडतो. म्हणजे आमचे वाडवडील शेकडो वर्षे कोकणात बसून इथल्या शेतासाठी पाऊस मागत होते. इथे ती मागणी हेश्वान महिन्याच्या ७ तारखेला सुरू होते. सणाहून परत निघालेले यात्रेकरू युफ्रेटिस नदीपर्यंत न भिजता पोचावेत म्हणून सणानंतर १५ दिवस थांबायचे, असे आपल्या शास्त्रींनी ठरवले. मला हा हिशेब फार आवडतो.

आता मुलांसाठी कोकणातले वर्ष थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात राब भाजायचा. म्हणजे रोप करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती पसरून ते पेटवायचे. रोहिणी नक्षत्रात, मेच्या अखेरीस, तिथे कोरड्यात भात पेरायचे. पाऊस लागला की रोप वर येते. मग चिखलणी, जुलैत लावणी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. भात निघाले की जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे. आपल्या बिरड्याच्या सणाला जे बिरडे होते ते याच वालाचे. आणि तिशरीतल्या खिरीच्या सणाची खीर नव्या पिकाची, नारळाचे दूध आणि गूळ घालून. दूध नारळाचे, गाईचे नव्हे, हे लक्षात घ्या. गाय असायची, पण कोकणी गाय अंगाने लहान, दूध शेर-दोन शेर. ती ठेवायची ती शेणासाठी आणि मुख्य म्हणजे बैलासाठी. दुधाचा धंदा असा कोणी करत नसे.

आपले लोक घाणेवाले. शनिवारी घाणा बंद म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. माणसाबरोबर घाण्याचा बैलही त्या दिवशी सुटा, कारण दहा आज्ञांतल्या शाबाथच्या आज्ञेत जनावरही येते. घाण्यातून तेल निघाल्यावर जी पेंड उरते ती दुभत्या जनावराला घालायची. म्हणजे आपला आणि गोठ्याचा संबंध जुना आहे, तो पेंडीच्या बाजूने.

इथल्या गोठ्याला रेफेत म्हणतात. रेफेतमधली काळी-पांढरी गाय मूळची इथली नाही. १९२० आणि ३० च्या दशकांत हॉलंडहून वळू आणून त्यांचा संकर इथल्या दमास्कस जातीच्या गाईंशी केला, आणि पुढे पिढ्यानपिढ्या निवड करत ही इस्राएली होल्स्टीन झाली. आज ती वर्षाला सरासरी सुमारे १२,००० लिटर दूध देते. दिवसाला तीस लिटरच्या वर! आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना हे सांगितले असते तर त्यांनी मला थापाडी म्हटले असते.

पण एवढे दूध देणारी गाय खाते किती, आणि जिथे अर्धे वर्ष पाऊस नाही तिथे तिचा चारा कुठून येतो? गंमत इथेच आहे. गहू नोव्हेंबर-डिसेंबरात पेरतात. बेर शेवाच्या बाजूला वर्षाचा पाऊस सुमारे २०० मिलिमीटर. कोकणात एवढा पाऊस जुलैत दोन दिवसांत पडून जातो. तेवढ्यावर गहू उभा करायचा. मग मार्च-एप्रिलमध्ये शेतकऱ्याला ठरवावे लागते: दाणा पिकेपर्यंत थांबायचे, की दाण्यात दूध भरून तो घट्ट होऊ लागला की हिरवाच कापून गाईंसाठी मुरवायचा? थांबले तर मे-जूनमध्ये धान्य मिळेल, पण मध्येच शराव म्हणजे वाळवंटी गरम वारा सुटला तर दाणा चिमतो. पुष्कळ शेतकरी हिरवाच कापतात.

कापलेल्या चाऱ्याचे बारीक तुकडे करून ते मोठ्या खड्ड्यात किंवा भिंतींच्या मध्ये रचतात. वरून ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा फिरवून दाबतात, मग प्लास्टिक घालून जुने टायर ठेवतात. हवा आत राहता कामा नये. याला मुरघास म्हणतात. मुलांनो, आजी लोणचे बरणीत दाबून भरते ना, तसेच. हवा नसली की आतले चांगले जंतू आंबट रस तयार करतात, दह्यात होतो तसा, आणि चारा वर्षभर टिकतो. हवा राहिली तर बुरशी. बुरशी लागलेला मुरघास घातला की गाय आजारी पडते, दूध घटते, प्रसंगी गर्भही पडतो.

उन्हाळ्यात मका घेतात तो पाणी देऊन. ते पाणी बहुतेक आपल्याच घरांतले, म्हणजे सांडपाणी शुद्ध केलेले. या देशात सांडपाण्यापैकी ८५-९० टक्के पाणी शुद्ध करून शेतीला वापरतात. तेल अवीवच्या आसपासचे पाणी शुद्ध होऊन नेगेवच्या शेतांत जाते. ठिबक सिंचनाची कंपनी नेताफिम १९६५ साली किबुत्स हात्सेरीममध्ये निघाली, हे तुम्हाला शाळेत शिकवतातच. कापूस मार्च-एप्रिलमध्ये पेरून सप्टेंबर-ऑक्टोबरात वेचतात, आणि त्याची सरकी येते गाईंच्या खाण्यात. सरकी! देशावर बैलांना सरकी घालतात तीच. रस काढून उरलेली संत्र्यांची सालेही गाईंना जातात. हे सगळे मोठ्या मिसळणीच्या गाडीत एकत्र करून गव्हाणीत ओततात, म्हणजे गाईला आवडीचे तेवढे वेचून खाता येत नाही. ही युक्ती काही मुलांच्या ताटालाही लागू करावी असे मला वाटते.

पेसाहला पंचाईत होते. ज्यूच्या मालकीचे हामेत्स त्या सणात ठेवता येत नाही आणि त्याचा उपयोगही करता येत नाही, म्हणजे जनावराला घालायचे नाही. त्यामुळे गहू आणि जवाचे दाणे रेफेतमधून जातात, जागी मका वगैरे येतो. पण गाईचे पोट म्हणजे जंतूंचा कारखाना, त्यांना एकदम बदल सोसत नाही. म्हणून जाणते शेतकरी सणाआधी काही दिवस थोडे थोडे करून खाणे बदलतात आणि सणानंतर तसेच हळूहळू पूर्वपदावर आणतात. आजाऱ्याचे पथ्य बदलताना आम्ही नर्सेस हेच करत असू.

आता उन्हाळा. इथे माझ्यातली नर्स जागी होते, तेव्हा थोडे जास्त लिहिते. गाईचे अंग साधारण साडेअडतीस अंश असते. दूध तयार करताना तिच्या शरीरात पुष्कळ उष्णता निघते, म्हणजे जास्त दूध देणारी गाय आतूनच तापलेली. माणसासारखा भरपूर घाम तिला येत नाही, ती धापा टाकते. पंचवीस अंशांच्या वर हवा गेली की तिला त्रास सुरू. थर्मामीटर नसला तरी तिच्या कुशीकडे बघून श्वास मोजावेत. मिनिटाला साठाच्या वर गेले तर ती उष्म्याने बेजार आहे, ऐंशीच्या वर गेले तर फारच. अशी गाय खात नाही, दूध घटते आणि गाभ धरत नाही. थंडीच्या मानाने भर उन्हाळ्यात गाभ धरण्याचे प्रमाण, गारवा नीट दिला नाही तर, अर्ध्याच्याही खाली जाते. त्याचा परिणाम पुढे वर्षभर, कारण गाय व्यालीच नाही तर दूध कुठले?

यावर १९८० च्या दशकापासून इथे जो उपाय रुळला तो घरचाच आहे. तापाच्या रोग्याला ओल्या फडक्याने पुसून पंखा लावतो ना, तो. गाईंवर सुमारे अर्धा मिनिट पाणी मारायचे, कातडीपर्यंत भिजेल असे, नुसते केस ओले नकोत. मग चार-साडेचार मिनिटे जोराचा पंखा. असे अर्धा-पाऊण तास आलटून पालटून, आणि दिवसातून कित्येक वेळा, दूध काढण्याआधी आणि मध्येही. नुसते पाणी मारून पंखा लावला नाही तर गोठा दमट होतो आणि गाय अधिकच गुदमरते. शिवाय सावली, आणि पिण्याचे पाणी हवे तितके. उन्हात एक गाय दिवसाला शंभर लिटर आणि त्याहूनही जास्त पिते.

गाय गाभण असते सुमारे २८० दिवस, जवळजवळ आपल्याइतकीच. व्यायच्या आधी दोन महिने तिचे दूध काढणे थांबवतात, तिला आटवतात, म्हणजे कासेला विश्रांती मिळते. आणि आता खरवसाचा विषय. रागावू नका! आपल्याला खरवस प्रिय आहे, मलाही. पण माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून रोगाशी लढणारी द्रव्ये मिळतात. वासराला ती पोटात अजिबात मिळत नाहीत, चिकातूनच मिळतात. आणि वासराचे आतडे ती द्रव्ये पहिले काही तासच नीट शोषून घेते, एका दिवसात ते दार बंद होते. म्हणून जन्मल्यावर सहा तासांच्या आत साधारण चार लिटर चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. चांगल्या रेफेतमध्ये जास्तीचा चीक गोठवून ठेवतात, एखादीला कमी आला तर दुसऱ्या वासराला द्यायला. तेव्हा ओळखीच्या मोशाववर चीक मागायला जाऊ नये असे माझे मत आहे. दूध, दही आणि आटवलेले गोड दूध सारखे घेऊन वेलची घालून उकडले की आजच्या मुलांना फरक कळत नाही. (मला कळतो. पण मी खाते.)

दूध काढणे कधीही चुकवता येत नाही. शाबाथलाही नाही, कारण भरलेल्या कासेने गाय कळवळते, आणि जनावराला दुःख देणे हलाखेला मंजूर नाही. धार्मिक किबुत्समध्ये सडांना नळ्या लावताना यंत्र स्तब्ध असते, मग घड्याळ ते आपोआप चालू करते, अशा युक्त्या काढल्या आहेत. श्मिटाच्या वर्षी, जसे ५७८२ (२०२१-२२), शेत विसावते, पण गाईला रजा नाही. पुढची श्मिटा ५७८९, म्हणजे २०२८-२९.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर गाझाच्या सीमेवरच्या रेफेतमध्येही हेच झाले. गावे रिकामी केली, पण गाई तिथेच होत्या. धार काढली नाही तर कास सुजते, ताप येतो, सड कायमचा जाऊ शकतो. शेतकरी आणि देशभरातून आलेले स्वयंसेवक रॉकेट पडत असताना जाऊन दूध काढत होते. किबुत्स अलुमीममध्ये शेती शिकायला आलेले दहा नेपाळी विद्यार्थी त्या दिवशी मारले गेले. परक्या देशात कामाला आलेली मुले. आपणही इथे परके म्हणून आलो होतो, त्यांना आपल्या तेफिल्लेत ठेवावे.

शेवटी दवाखान्यातली एक गोष्ट, आणि ती मोठ्यांनी नीट वाचावी. दक्षिणेत नोकरी करताना मी ब्रुसेलोसिसचे, म्हणजे माल्टा तापाचे, कितीतरी रोगी पाहिले. संध्याकाळी चढणारा ताप, रात्री घामाने भिजणे, कंबर आणि सांधे दुखणे, आणि हे आठवडेच्या आठवडे. इथे तो मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांपासून येतो, न तापवलेल्या दुधातून आणि त्याच्या ताज्या चीजमधून. उंटिणीच्या कच्च्या दुधातूनही होतो. 'अगदी ताजे, घरचे' म्हणून रस्त्यावर मिळते ते चवीला छान लागते, वासावरून काही कळत नाही. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, एवढ्याने जंतू मरतो. बाटलीवर आणि चीजवर 'मेफुस्तार' हा शब्द शोधा, नातवंडांकडून वाचून घ्या. लेबल नसलेले चीज घेऊ नका. कच्चे दूध कोणी आणून दिलेच तर आईने गावात करायची तसे उतू येईपर्यंत उकळा. लहान मुले, गरोदर बायका आणि हृदयाच्या झडपेचा आजार असलेले म्हातारे यांनी तर कच्च्याच्या वाटेला जाऊच नये.

आणि ताप आठवड्यापेक्षा जास्त राहिला तर डॉक्टरांना न विचारता सांगा, की मी अमुक महिन्यात अमुक ठिकाणी चीज खाल्ले होते. लाजू नका. लक्षणे खाल्ल्यावर एक ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही येतात, म्हणून पुष्कळांच्या ते लक्षातच राहत नाही. रक्ताच्या चिठ्ठीवर संशय लिहिलेला असला तर लॅबवाले जास्त दिवस वाट बघतात आणि स्वतःलाही सांभाळतात, कारण हा जंतू लॅबमध्ये काम करणाऱ्यांना लागतो. औषध कमीत कमी सहा आठवडे घ्यायचे असते. दुसऱ्या आठवड्यात बरे वाटले म्हणून सोडले की ताप परत येतो.