चारोळीची साखळी कुठे तुटते?

पांढुर्णा-सौसरवर लिहायचं म्हणजे संत्र्यावर लिहायचं, हे संपादकांनी गृहीतच धरलं होतं. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या, मध्य प्रदेशातल्या या मराठीभाषक जिल्ह्यात संत्र्याला मंडी आहे, दलाल आहेत, नागपूरची वाट आहे. सातपुड्याच्या रानातल्या चाराला काय आहे, ते बघायला मी उत्तरेला, छिंदवाड्यातच राहिलेल्या तामियाकडे वळलो.

चार म्हणजे चारोळीचं झाड. एप्रिल-मेमध्ये पिकलेली काळपट फळं गोंड आणि पातालकोटच्या बारा गावांतले भारिया आदिवासी वेचतात. गर पोरं खातात, बाजारात जाते ती गुठली, म्हणजे आतली टणक बी. कागदावर सोय चोख आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वेचणाऱ्यांना दिली, २०२० मध्ये राज्याने गुठलीला किलोमागे १३० रुपये आधारभाव ठरवला आणि सुमारे तीनशे वेचणाऱ्यांमागे वनोपजावर प्रक्रिया करणारं एक वनधन केंद्र, अशी केंद्राची योजना २०१८ पासून आहे.

मला खिळवून ठेवलं ते जात्याने. गुठली रात्रभर भिजवायची, गोणपाटावर चोळून काळी साल काढायची, वाळवायची, मग भरडायची. जात्याची वरची पाळू जरा खाली बसली की दाण्याचा चुरा, जरा वर राहिली की गुठली जशीच्या तशी बाहेर. जात्यावरची बाई हे आवाजावरून ओळखते. अख्ख्या दाण्याला शहरात किलोला हजाराच्या वर भाव मिळतो. चुऱ्याला तो मिळत नाही. दाण्यात निम्मं तेल असल्याने चुरा लवकर खवटही होतो. म्हणजे खरी कमाई भरडण्यात आहे, आणि बहुतेक गुठली न भरडताच गावाबाहेर जाते. पेरणीच्या तोंडावर घरात रोकड लागते. आठवडी बाजारातला व्यापारी ती जागेवर मोजतो. वाळवून, भरडून, दाणा विकून पैसे येईपर्यंत थांबणं परवडत नाही.

त्याहून मोठी अडचण झाडावरच आहे. आपण थांबलो तर दुसरा तोडून नेईल, या धास्तीने कच्चीच फळं झोडली जातात, कधी फांदीच उतरवली जाते. कच्च्या गुठलीत दाणा भरलेला नसतो आणि ती रुजतही नाही. जुनी झाडं जातात, त्यांच्या जागी नवी येत नाहीत.

भरडायचं यंत्र आणि आधारभाव दोन्ही हवेत, पण त्यांचा नंबर दुसरा. आधी ग्रामसभेने तोडणीची तारीख ठरवावी, ती मोडणाऱ्याला अडवावं, आणि गुठली गावातच भरडेपर्यंत वेचणाऱ्याच्या हाती उचल द्यावी. राज्याच्या २०२२च्या पेसा नियमांनी, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांच्या नियमांनी, गौण वनोपजाच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो वापरला नाही, तर वनधन केंद्रात यंत्र येईल आणि भरडायला चार उरणार नाही.