उमेदवारांचें जकातधोरण आणि शेतमालाचा भाव

निवडणूक जवळ आली म्हणजे वीज, पाणी, कर्ज या विषयांवर उमेदवार भरभरून बोलतात व आपले शेतकरी बंधूही तें लक्ष देऊन ऐकतात. परदेशी मालावरील जकातीची गोष्ट निघाली म्हणजे मात्र, हा व्यापाऱ्यांचा व गिरणीवाल्यांचा प्रश्न, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें समजून पुष्कळजण तिकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः सोयाबीन, कापूस, कांदा व हरभरा यांचा भाव जितका पावसावर, तितकाच बंदरावरील जकातीवर अवलंबून असतो. या प्रश्नावर मतें मागण्याची परंपरा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फार जुनी आहे. तेथील उमेदवारांनीं वेळोवेळीं काय सांगितलें व त्याचें फळ तेथील शेतकऱ्यास काय मिळालें, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. परदेशांतून येणाऱ्या मालावर सरकार जो कर घेतें ती आयात जकात. ती दोन हेतूंनीं बसविली जाते: एक, तिजोरींत पैसा यावा म्हणून, दुसरा, परदेशी माल महाग व्हावा आणि त्या आडोशाला देशी माल खपावा म्हणून. या दुसरीला संरक्षक जकात म्हणतात. खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, जो माल जेथें स्वस्त पिकतो किंवा बनतो तेथून तो घ्यावा, म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा वांचतो आणि आपला मालही बाहेर सुखानें विकला जातो. संरक्षणाचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, नवा धंदा रोपासारखा असतो, त्याला कांहीं काळ कुंपण पाहिजे. शिवाय देशांत कारखाने वाढले म्हणजे शेतमालाला जवळचें गिऱ्हाईक मिळतें. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच दोन्ही पक्षांना मतें मिळतात.

आमची उभी नोकरी महसुलाच्या दफ्तरांत गेली. तेथें एक गोष्ट पक्की कळते, ती ही कीं, कराची पावती ज्याच्या नांवें फाटते तोच त्याचा भार सोसतो असें नाहीं. जकात भरतो तो आयात करणारा व्यापारी. पण तो ती मालाच्या किंमतींत चढवितो आणि अखेर ती गिऱ्हाइकाच्या किंवा परदेशी विकणाऱ्याच्या अंगावर पडते. तेव्हां जकातीचा दर किती, एवढेंच विचारून भागत नाहीं; ती कोणत्या मालावर आहे आणि तो माल आपण विकतों कीं विकत घेतों, हें पाहावें लागतें.

१८८८ ची निवडणूक

ग्रोव्हर क्लीव्हलंड हे डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष. ६ डिसेंबर १८८७ रोजीं काँग्रेसला, म्हणजे तेथील कायदेमंडळाला, पाठविलेला वार्षिक संदेश त्यांनीं सबंध या एकाच विषयाला वाहिला. सरकारच्या तिजोरींत गरजेपेक्षां अधिक पैसा सांचत आहे. तो जकातीच्या वाटेनें सामान्य माणसाच्या खिशांतून येत आहे. तरी नित्याच्या वस्तूंवरील व कच्च्या मालावरील जकात उतरावी, असें त्यांचें म्हणणें होतें. १८८८ च्या निवडणुकींत त्यांच्याविरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे बेंजामिन हॅरिसन उभे राहिले. त्यांचा पक्ष म्हणे कीं, जकात उतरली तर विलायती माल लोटेल, मजुरी घटेल, आणि ज्या शहरांत शेतकऱ्याचें धान्य व दूध खपतें तींच ओस पडतील.

क्लीव्हलंड यांना हॅरिसन यांच्यापेक्षां सुमारें ९० हजार मतें अधिक पडलीं. परंतु तेथें अध्यक्षाची निवड राज्यवार ठरलेल्या निर्वाचक मतांनीं होते, आणि त्यांत हॅरिसन २३३ विरुद्ध १६८ अशा मतांनीं निवडून आले. पुढें १८९० सालीं प्रतिनिधि विल्यम मॅकिन्ले यांच्या नांवाचा जकातीचा कायदा झाला. शेतकऱ्यांची मतें टिकविण्यासाठीं त्यांत शेतमालाच्या आयातीवरही जकात चढविली होती: गव्हावर बुशेलमागें २५ सेंट, मक्यावर १५ सेंट, अंड्यांवर डझनामागें ५ सेंट. बुशेल म्हणजे गव्हाचे सुमारें २७ किलो.

कागदावर हें शेतकऱ्याच्या हिताचें दिसे. पण अमेरिका गहू आणीत नव्हती, गहू पाठवीत होती, आणि त्याचा भाव इंग्लंडांतील लिव्हरपूलच्या बाजारावर ठरत होता. ज्या गांवांत विहिरी भरून वाहतात तेथें बाहेरून येणाऱ्या पाण्यावर कर बसविला म्हणून गांवच्या पाण्याचें मोल चढत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. लोकरीची गोष्ट निराळी होती. लोकर अमेरिकेस बाहेरून आणावी लागे. म्हणून तिच्यावरील जकातीनें मेंढ्या पाळणाऱ्यांचा खरोखर लाभ होई. याच कायद्यानें कच्च्या साखरेवरील जकात मात्र उठविली आणि देशी साखर उत्पादकांस पौंडामागें २ सेंट सरकारी तिजोरींतून देण्याचें ठरविलें. एकाच कायद्यांत एका शेतकऱ्यास पोकळ आश्वासन, दुसऱ्यास खरें संरक्षण व तिसऱ्यास रोख मदत, असा हा मामला होता. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत रिपब्लिकन पक्षानें प्रतिनिधिगृहांतील बहुमत गमावलें. खुद्द मॅकिन्ले यांची जागा गेली. आणि १८९२ सालीं क्लीव्हलंड पुन्हां अध्यक्ष झाले.

पुढें १८९६ सालीं मॅकिन्ले स्वतः अध्यक्ष झाले. ५ सप्टेंबर १९०१ रोजीं बफेलो येथील भाषणांत संरक्षणाच्या याच कट्टर पुरस्कर्त्यानें, आपण इतरांचें कांहीं घेतलें नाहीं तर ते आपला माल घेणार नाहींत, तरी परस्परांशीं करार करावे, अशा अर्थाचें प्रतिपादन केलें. दुसऱ्याच दिवशीं त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि पुढें त्यांतच त्यांचा अंत झाला.

१९२८ ते १९३२

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंत शेतमालाचे भाव कोसळले. १९२८ च्या निवडणुकींत रिपब्लिकन उमेदवार हर्बर्ट हूव्हर यांनीं शेतमालावरील जकात वाढवून शेतकऱ्यास आधार देण्याचें वचन दिलें. डेमोक्रॅटिक उमेदवार आल्फ्रेड स्मिथ यांनींही आपल्या पक्षाचा कमी जकातीचा जुना बाणा बराच सैल केला. हूव्हर निवडून आले व १९२९ च्या एप्रिलांत त्यांनीं काँग्रेसची खास बैठक बोलाविली. काम शेतमालापासून सुरू झालें; परंतु प्रत्येक प्रतिनिधि आपापल्या भागांतील कारखान्याचें गाठोडें घेऊन आला, आणि शेतकऱ्यासाठीं निघालेली गाडी कारखान्यांच्या मालानेंच भरली. सेनेटर स्मूट व प्रतिनिधि हॉली यांच्या नांवानें ओळखला जाणारा हा कायदा होऊं नये म्हणून एक हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनीं अर्ज केला. तरीही १७ जून १९३० रोजीं हूव्हर यांनीं त्यावर सही केली.

त्याचें फळ एका लहानशा वस्तूंत पाहूं. अमेरिकेनें अंड्यांवरील जकात डझनामागें ८ सेंटांची १० सेंट केली. शेजारच्या कॅनडानें आपली ३ सेंटांची जकात १० सेंटांवर नेली. १९२९ सालीं अमेरिकेंतून कॅनडांत ९ लक्षांहून अधिक डझन अंडीं गेलीं होतीं. १९३२ सालीं तीं १४ हजार डझनांच्याही आंत आलीं. आणि गहू? त्यावर बुशेलमागें ४२ सेंट जकात होती. पण १९३२ सालीं शेतकऱ्याच्या हातीं बुशेलमागें सरासरी ३८ सेंटच्या आसपासच पडले. जकात मोठी आणि भाव लहान! जगभर मंदी होती, म्हणून हा सारा दोष जकातीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु जो माल आपण बाहेर विकतों त्याला आयात जकात तारूं शकत नाहीं, हें याहून उघड कसें व्हावें?

१९३२ सालीं फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनीं या कायद्यावर कडक टीका केली, पण शेतमालावरील जरुरीची जकात आपण उतरविणार नाहीं, असेंही बॉल्टिमोर येथें सांगितलें. निवडून आल्यावर १९३४ सालीं त्यांनीं परराष्ट्रांशीं देवाणघेवाणीचे करार करून जकात उतरविण्याचा अधिकार काँग्रेसकडून मिळविला. सभेंतील भाषण व सत्तेंतील धोरण यांत अंतर असतें, तें असें.

२०१६ ते २०२५

यानंतर पुष्कळ वर्षें दोन्ही पक्षांचे अध्यक्ष कमीअधिक प्रमाणांत व्यापार खुला करण्याच्या बाजूचे राहिले. २०१६ सालीं वारा फिरला. रिपब्लिकन उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांनीं जुन्या व्यापारी करारांवर हल्ला चढविला. डेमोक्रॅटिक पक्षांत बर्नी सँडर्स हेही त्या करारांचे विरोधकच. आणि पॅसिफिक महासागराभोंवतीच्या देशांशीं व्हावयाच्या ज्या कराराची हिलरी क्लिंटन यांनीं मंत्रिपदीं असतांना स्तुति केली होती, त्यालाच त्यांनीं निवडणुकीच्या वेळीं विरोध केला. ट्रम्प निवडून आले. २०१८ सालीं त्यांनीं पोलादावर २५ टक्के व ॲल्युमिनियमवर १० टक्के जकात बसविली आणि चीनच्या अनेक मालांवरही बसविली. ६ जुलै २०१८ रोजीं चीननें उलट अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के जकात लादली.

बदल्याची जकात शेतमालावरच कां पडते, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. विमान किंवा यंत्र ठराविक कारखान्यांतूनच मिळतें. सोयाबीन अमेरिकेचें नाहीं तर ब्राझीलचें चालतें. शिवाय शेतकऱ्यांच्या राज्यांतील मतें मोलाचीं असतात, तेव्हां तेथें चिमटा काढला कीं राजधानींत ओरड होते. २०१७ सालीं सुमारें १२ अब्ज डॉलरचें अमेरिकन सोयाबीन चीननें घेतलें होतें. २०१८ सालीं तें सुमारें ३ अब्जांवर आलें व ब्राझीलची चांदी झाली. अमेरिकन सरकारनें शेतकऱ्यांस २०१८ सालीं १२ अब्ज व २०१९ सालीं १६ अब्ज डॉलरपर्यंत मदत जाहीर केली. मदत मिळाली खरी, पण गेलेलें गिऱ्हाईक मदतीनें परत येत नाहीं.

२०२१ सालीं सत्तेवर आलेल्या जो बायडेन यांनीं चीनवरील बहुतेक जकाती तशाच ठेविल्या. २०२४ च्या निवडणुकींत ट्रम्प यांनीं सर्व देशांच्या मालावर सरसकट जकातीचें वचन दिलें; कमला हॅरिस यांनीं हा सामान्य कुटुंबावरील विक्रीकरच होय, असें म्हटलें. ट्रम्प विजयी झाले. ऑगस्ट २०२५ मध्यें भारताच्या बहुतेक मालावर प्रथम २५ टक्के व २७ ऑगस्टपासून एकंदर ५० टक्के जकात लागू झाली.

आपल्याकडील अनुभव

येथें हा विषय आपल्या बांधाला येऊन भिडतो. अमेरिकन जकातीनें आपल्या कापडाची निर्यात अडचणींत आली, तेव्हां गिरण्यांस कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारनें कापसावरील ११ टक्के आयात जकात १९ ऑगस्ट २०२५ पासून उठविली. ती सवलत पुढें ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. विदर्भ-मराठवाड्यांतील नवा कापूस बाजारांत येण्याचे तेच दिवस होते. मतदान अमेरिकेंत झालें, आणि त्याचा धक्का येथील कापूसवाल्यास लागला.

सोयाबीनची गोष्टही बोधक आहे. खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक आपला देश बाहेरून आणतो. म्हणून तेलावरील जकातीला येथें कांहीं जोर असतो. १४ सप्टेंबर २०२४ रोजीं कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात जकात शून्यावरून २० टक्के केली. तरीही त्या हंगामांत महाराष्ट्रांतील सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीं विकलें गेलें. कां? सोयाबीनमधून तेल निघतें सुमारें १८ टक्के. बाकीची बहुतेक पेंड. तेलाच्या जकातीनें पेंडीला उठाव येत नाहीं, आणि पेंडीचा भाव जगाच्या बाजारावर अवलंबून असतो. कांद्याचें तर उलटें आहे. तो आपण बाहेर पाठवितों, म्हणून त्याला आयात जकातीचा उपयोग नाहीं आणि निर्यातीवरील बंधनाचा मात्र थेट फटका बसतो. ऑगस्ट २०२३ मध्यें लागलेली ४० टक्के निर्यात जकात, डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंतची निर्यातबंदी, आणि निरनिराळ्या दरांनीं १ एप्रिल २०२५ पर्यंत चाललेली निर्यात जकात नाशिककडील शेतकऱ्यांस सांगावयास नकोच.

एवढ्यावरून असें दिसेल कीं, खुला व्यापार शेतकऱ्याचा मित्र व जकात त्याची शत्रु, किंवा याच्या उलट, असा सरसकट निवाडा देतां येत नाहीं. आयात होणाऱ्या पिकाला कुंपणाचा उपयोग होतो, निर्यात होणाऱ्या पिकाला मोकळ्या वाटेचा. आणि एकाच शेतकऱ्याच्या सात-बाऱ्यावर दोन्ही पिकें असूं शकतात. तेव्हां संरक्षणाची किंवा खुलेपणाची घोषणा करणारा उमेदवार गांवीं आला म्हणजे त्यास शांतपणें विचारावें: आमच्या कोणत्या पिकावर आपण काय करणार? दुसऱ्या देशानें उलट जकात लादली तर ती कोणत्या मालावर पडेल? पीक निघण्याच्या ऐन वेळीं धोरण बदलणार नाहीं, अशी हमी काय? आणि खत, अवजारें, तेल आम्ही विकत घेतों, त्यांचें काय?

हे प्रश्न कोणत्याही पक्षाच्या बाजूचे किंवा विरुद्ध नाहींत. सोसायटीच्या सभासदांनीं ते आपल्या गांवच्या बैठकींत आधीं आपसांत चर्चावे, आपल्या पिकांची यादी करून कोणतें पीक देशास बाहेरून आणावें लागतें व कोणतें बाहेर जातें हें समजून घ्यावें, आणि मग उमेदवारापुढें ठेवावे. उत्तर कोणतेंही येवो. जो नेमकें उत्तर देतो व जो घोषणाच पुन्हां ऐकवितो, त्यांतील फरक आपले शेतकरी बंधु सहज ओळखतील, असा आमचा विश्वास आहे.