सवयींचा रकाना

नागपुरातल्या एका दंत महाविद्यालयाच्या मुखरोग विभागात सकाळची ओपीडी भरात आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत तिशीतला एक ऑटोचालक बसलाय. इंटर्न त्याला म्हणतो, "तोंड उघडा. अजून. अजून थोडं." दोन बोटं जेमतेम शिरतील एवढंच तोंड उघडतं. वरच्या-खालच्या दातांमध्ये व्हर्नियर लागतो: २२ मिलिमीटर. निरोगी माणसाचं ४०च्या आसपास उघडतं. गालाच्या आतला गुलाबीपणा गेलाय, अस्तर पांढुरकं पडलंय आणि बोट फिरवलं की ताठ पट्टे हाताला लागतात.

"तिखट चालतं का?"

"तर्रीपोहे बंद झाले न साहेब. आग होते नुसती."

केसपेपरवर सवयींचा रकाना आहे. इंटर्न तो मन लावून भरतो: खर्रा, रोज सहा पुड्या, नऊ वर्षं, डाव्या गालात. मग मास्क खाली करून तो साध्या शब्दांत सगळं समजावतो. खर्र्यातल्या सुपारीमुळे अस्तराखाली तंतू साठत जातात, तोंड आखडत जातं, ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही आणि काहींना पुढे कर्करोग होतो. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं, हेही तो सांगतो. मुलगा हुशार आहे, आणि बोलतोही कळकळीनं.

ऑटोचालक त्याच्याकडे निरखून बघतोय.

"साहेब, राग नका येऊ देऊ. सकाळी त्या ठेल्यावर तुम्हीच होते न?"

इंटर्न मास्क वर ओढतो. "मी खर्रा नाही खात. सिगरेट."

"मंग तुमची नाही सुटत, त माही कशी सुटन?"

त्याला रक्ततपासणीला पाठवलं जातं. प्रश्न मात्र तिथंच राहतो.

चहाच्या सुट्टीत मी इंटर्न पोरांबरोबर बाहेर पडतो. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, हा २००३च्या कायद्यातला नियम फाटकावरच्या पाटीवर आहे. रस्ता ओलांडला की पानठेला. ठेलेवाला सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून फळीवर खर्रा घोटतोय. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली, तरी हा हात थांबलेला नाही. बाजूला पांढरे एप्रन घडी करून बॅगेत जातात आणि सुट्या सिगरेटी पेटतात. पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचं ते भयंकर चित्र सुटी सिगरेट घेणाऱ्याच्या नजरेसही पडत नाही.

"पहिल्या वर्षी सबमिशनच्या रात्री सुरू झाली," एक जण सांगतो. दुसरा म्हणतो, "आम्ही रोज याहून भयानक तोंडं बघतो, काका. भीती मरते." एक मुलगी हळूच म्हणते, "खर्रा म्हणजे कसं, ई! सिगरेट निदान स्वच्छ तरी."

मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. खर्रा पेशंटचा, सिगरेट आपली, अशी वाटणी या मुलांनी मनात करून टाकली आहे. म्हणून पेशंटला सांगताना आवाज वरून येतो, आणि पेशंटला तो बरोबर ऐकू येतो. पण ही मुलं ढोंगी नाहीत. तंबाखूनं काय होतं, ते त्यांच्याकडून चार वर्षं घोकून घेतलं जातं. ती सोडवायची कशी, हे किती तास शिकवतात? जागतिक आरोग्य संघटनेनं २००५पासून अनेक देशांत वैद्यकीय, दंत, परिचर्या आणि औषधनिर्माण शाखांतल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे विचारलं. सोडवण्याचं शिक्षण हवं, असं बहुतेकांनी सांगितलं. रीतसर मिळालं होतं ते थोड्यांनाच.

परत येतो तो विभागातल्या मॅडम कोरा केसपेपर घेऊन बसल्यात. समोरच्या खुर्चीत आता इंटर्न आहे. ऑटोचालकाचा प्रश्न त्यांच्या कानावर गेलाय.

"उठल्यावर पहिली किती वेळात?"

"चहासोबत... वीस मिनिटांत."

"मग निकोटिन गम कितीचा?"

"चार मिलिग्रॅमचा," उत्तर तोंडपाठ आहे. "पहिली अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर चार, नाहीतर दोन."

"सोडायची तारीख?"

इथं तो अडतो. "नीट-एमडीएस झाली की, मॅडम."

"त्या माणसाला कधीपासून सोड म्हणालास?"

"आजपासून."

मॅडम चिडत नाहीत. पेन कागदावर टेकवून नुसत्या थांबतात. तो बोटांवर काहीतरी मोजतो, म्हणतो, "सोमवार." त्या लिहितात, खाली आठवड्यानं दाखवायला यायची तारीखही घालतात.

"आणि हॉस्टेलच्या गच्चीवर ओढणारे बाकीचे?"

"विचारतो त्यांना."

"नुसतं विचारू नकोस. घेऊन ये."